दोन कंप्युटर आणि एक वायर

मंडळी, आज नेटवर्किंगवर लिहितेय. विषय बघून निम्मे लोक इथूनच पसार होतील याची कल्पना आहे. ब्लॉगवाल्यांचं ठीक आहे, पण नातेवाइकांनी कृपया शेवटपर्यंत थांबावं. तुमच्याकडे एक काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमणारं नाही.

दोन कंप्युटर थेट जोडायचे. म्हणजे मध्ये राउटर नाही, वायफाय नाही, इंटरनेट नाही. एकातून निघालेली वायर दुसऱ्यात खोचायची, झालं. लहानपणी काड्यापेट्यांना दोरा बांधून टेलिफोन करायचो ना, तसं. ऐकायला इतकं सोपं की याला वेळ लागेल असं कुणी धरतच नाही. आम्हाला दीड दिवस लागला. घरातला तो दिवे लुकलुकणारा राउटर एरवी बिनबोभाट किती कामं उरकत असतो, हे तो नसल्यावर कळतं. कुणाला कुठला पत्ता द्यायचा, निरोप कुठून कुठे न्यायचा, सगळं तोच बघतो. लग्न ठरवताना मध्यस्थ चांगला असला की सगळं आपोआप जुळल्यासारखं वाटतं. मध्यस्थ काढून घ्या, दोन्हीकडची मंडळी सतरंजीवर समोरासमोर बसतात आणि कुणीच बोलत नाही.

आता ही उठाठेव कशासाठी ते सांगते.

अण्णा म्हणजे माझे मोठे काका. शिक्षक म्हणून रिटायर झाले, आता धाराशिवला असतात. मूळ गाव लोहारा तालुक्यातलं, भूकंपाच्या वेळी ते उमरगा तालुक्यात होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. बाकीच्यांना तो 'किल्लारीचा भूकंप' म्हणून माहीत आहे, पण लातूरइतकाच तो आमच्या जिल्ह्याचाही होता. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी तीच घरं त्या पहाटे माणसांच्या अंगावर आली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. पुढे ५२ गावं जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी वसवली. त्यात आमचंही.

नवं गाव फूटपट्टीनं आखलेलं. सरळ रस्ते, सारखी घरं, प्रत्येकाला नंबर. घरं मजबूत आहेत, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण जुन्या गावात ज्याच्या माळवदावरून आपल्या माळवदावर पाय टाकता यायचा, तो शेजारी नव्या गावात चार रस्ते पलीकडे गेला. अण्णांना हे फार लागलं. २००४ साली त्यांनी कंप्युटर घेतला तो खरं तर परीक्षेचे पेपर टाइप करायला. पण त्यावर त्यांनी केलं भलतंच. जुनं गाव लिहून काढलं. गल्ली धरून, ओळीनं. या घरात कोण राहायचं, डावीकडे कोण, उजवीकडे कोण, कुणाच्या अंगणात लिंब, कुणाची विहीर, भूकंपात कोण गेलं, कोण वाचलं आणि आता कुठे आहे. एका गल्लीची एक फाइल. पाच वर्षं हे चाललं होतं. तेव्हाचं लोडशेडिंग तुम्हाला आठवत असेल, वीज येईल त्या वेळेला, कधी रात्री दोनला, अण्णा उठून टाइप करत बसायचे. काकू म्हणायच्या, "मेलेल्या गावाची शिरगणती करायलेत."

एकूण ४१ फायली. एक प्रिंट काढली होती, ती कुणीतरी वाचायला नेली आणि परत आली नाही. म्हणजे सगळं गाव त्या एका डब्यात.

आणि गेल्या दिवाळीत तो डबा कटकट असा आवाज करायला लागला होता.

ब्लॉगवाले आता विचारतील, पेन ड्राइव्ह लाव की बाई. नाही लागत. एका पावसाळ्यात वीज पडली तेव्हापासून त्याचे यूएसबी पोर्ट मेले आहेत. सीडी रायटरचा ट्रे उघडत नाही. इंटरनेटवरून पाठवावं तर विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपलाय आणि त्यातला ब्राउझर आजच्या बहुतेक साइटच्या दारातच अडतो. मग हार्ड डिस्क काढून दुसरीकडे जोडायची? तेही विचारून झालं. गल्लीतल्या रिपेअरवाल्यानं आवाज ऐकला आणि म्हणाला, "फिरायलीय तोवर फिरू द्या. बंद करून काढली आन् परत फिरलीच न्हाई तर?" शहाणा माणूस. जुनी डिस्क एकदा थंड पडली की पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. म्हणजे कंप्युटर बंद न करता, आहे तिथेच, चालत्या गाडीतून सामान उतरवायचं होतं.

एकच दार उरलं होतं, पाठीमागचं नेटवर्कचं भोक. म्हणून वायर.

एका बाजूला अण्णांचा एक्सपी. दुसऱ्या बाजूला माझा लॅपटॉप, त्यावर उबुंटू लिनक्स. दोघांत जवळजवळ वीस वर्षांचं अंतर, आणि घराणीही वेगळी. माझ्या लॅपटॉपला तर वायर खोचायला जागाच नाही. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराकडून यूएसबीला लावायचं एक लॅन अॅडॉप्टर मागून आणलं.

अण्णांनी सुरुवातीलाच एक नियम घातला. कालनिर्णयाच्या जुन्या पानाची पाठकोरी बाजू घेतली, पेन काढलं आणि म्हणाले, "एका वेळी एकच बदल. आन् तो हितं लिहायचा." चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. पण मंडळी, नेटवर्कचं काय बिघडलंय ते शोधायला याहून चांगला नियम मी आजवर ऐकलेला नाही. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर कशानं झालं ते कळत नाही. आणि नाही झालं, तर काहीच कळत नाही.

पहिला प्रश्न वायरचा. जुन्या लोकांना आठवत असेल, दोन कंप्युटर थेट जोडायला 'क्रॉस केबल' लागायची. वायरमध्ये आठ तारा असतात. जुन्या नेटवर्क कार्डाला त्यातल्या चारच लागायच्या, दोन बोलायला, दोन ऐकायला. साधी वायर लावली तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाला आणि कान कानाला. म्हणून क्रॉस केबलमध्ये मधेच अदलाबदल केलेली असते, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी. आता ही भानगड राहिलेली नाही. नवीन कार्डं स्वतःच ओळखतात आणि आतल्या आत अदलाबदल करून घेतात, आणि दोघांपैकी एकाला ते जमलं तरी पुरतं. त्यामुळे साधी वायर चालायला हवी होती. पण भोकाजवळचा हिरवा दिवा लागेना. तो दिवा लागत नाही तोवर पुढचं काहीही बघण्यात अर्थ नसतो. वायर हातानं चाचपत गेलो तर कपाटामागे उंदरानं कुरतडलेली. दुसरी आणली, दिवा लागला. अण्णांनी लिहिलं: '१. वायर. झालं.'

"बोलायलेत का मग?" काकूंनी आतून विचारलं.

नाही. बोलत नव्हते. दिवा लागणं म्हणजे समोर कुणीतरी आहे एवढंच कळणं.

दुसरी गोष्ट पत्ता. एक्सपीच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण आला होता, 'लिमिटेड ऑर नो कनेक्टिव्हिटी'. राउटर नसल्यामुळे पत्ता देणारं कुणी नव्हतं. अशा वेळी एक्सपी थोडा वेळ वाट बघतो आणि १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता स्वतःच स्वतःला घेऊन टाकतो. हा आकडा दिसला की समजायचं, पत्ता वाटणारा भेटलेला नाही. माझा लिनक्स मात्र सरळमार्गी, कुणी पत्ता देईल म्हणून वाट बघत बसला आणि मग नाद सोडून मोकळा झाला. एक जण स्वतःच्या मनानं पत्ता लावून बसलेला, दुसऱ्याला पत्ताच नाही. मग दोघांनाही हातानं पत्ते दिले. एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२. खाली मास्क २५५.२५५.२५५.०. अण्णांनी विचारलं, हे काय? म्हटलं, पत्त्याचे पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली, शेवटचा म्हणजे घर, असं ते सांगतं. दोघं एकाच गल्लीत हवेत, घरं वेगळी हवीत. गेटवे म्हणजे गावाची वेस, ती रिकामी ठेवायची, कारण आपल्याला गावाबाहेर जायचंच नाही. अण्णा खूश. म्हणाले, "म्हंजे आमच्या यादीसारखंच की!"

तिसरी गोष्ट फार गमतीची. एक्सपीवरून माझ्या लॅपटॉपला 'पिंग' केलं, म्हणजे नुसती हाक मारली, तर चारही वेळा उत्तर आलं. लॅपटॉपवरून एक्सपीला मारली तर शुकशुकाट. फोनवर होतं ना, "मला तुझा आवाज येतोय, तुला येत नाही का?" पण इथे तसंही नव्हतं. एकाच्या हाकेला उत्तर मिळालं याचा अर्थ हाक गेली आणि उत्तर परत आलं, म्हणजे दोन्ही दिशांचा रस्ता ठीक आहे. मग दुसऱ्याच्याच हाकेला उत्तर का नाही? कारण एक्सपीला ऐकू येत होतं, पण तो मुद्दाम उत्तर देत नव्हता. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून एक्सपीमध्ये फायरवॉल आपोआप चालू असते. आपण स्वतः हाक मारली तर आलेलं उत्तर ती आत घेते, पण कुणी परकं येऊन दार वाजवायला लागलं तर घरात कुणी नाही असं दाखवते. तिला फाइल शेअरिंगपुरती सूट दिली आणि लगेच उत्तर आलं. मला हे आवडतं, की गप्प बसण्याचेही प्रकार असतात. ऐकू न आल्यामुळे गप्प, पत्ताच नसल्यामुळे गप्प, आणि ऐकूनही गप्प. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा.

मधे एक आणखी गंमत. अण्णांचा कंप्युटर २००४ साली जोडून देणाऱ्यानं त्याचं नाव ठेवलं होतं 'उस्मानाबाद'. माझ्या लॅपटॉपवरून त्या नावानं शोधला तर सापडेना, आकड्यांच्या पत्त्यानं शोधला तर लगेच सापडला. २०२३ मध्ये आपलं गाव अधिकृतपणे धाराशिव झालं, पण पिन कोड ४१३५०१ तोच, गाड्यांवर एमएच २५ तेच. (आणि उस्मानाबादी शेळीला तर कुणी विचारलंच नाही :) ) नावं माणसांसाठी असतात, पोचायला आकडा लागतो. अण्णांना मात्र हे पटलं नाही. म्हणाले, "पोचायला आकडा आसंल. पण कुणाकडं जायचंय ते नावानंच ठरतंय."

आता शेअर केलेलं फोल्डर उघडायचं. आणि इथे आमचा अर्धा दिवस गेला. वायर ठीक, पत्ते ठीक, हाका दोन्हीकडून ठीक, तरी 'प्रोटोकॉल निगोशिएशन फेल्ड'. म्हणजे आता बोलायला सुरुवात झाली होती, पण कुठल्या भाषेत बोलायचं यावर एकमत होत नव्हतं. विंडोजच्या कंप्युटरांची फायली देण्याघेण्याची एक भाषा आहे, एसएमबी. एक्सपीला तिची पहिली, जुनी आवृत्तीच येते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला, तो याच जुन्या आवृत्तीतल्या एका भोकातून. त्यानंतर शहाण्या लोकांनी ती बोलणंच सोडलं. लिनक्सवर ही भाषा 'सांबा' नावाचा प्रोग्रॅम बोलतो, त्यानंही २०१९ पासून जुनी आवृत्ती आपणहून बंद ठेवली आहे. योग्यच केलं. पण आमच्या म्हाताऱ्याला दुसरी भाषा येत नाही, त्याचं काय करायचं?

या सांबाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या मुलानं ते सुरू केलं. त्याच्याकडे त्या भाषेचं पुस्तक नव्हतं. त्यानं दोन कंप्युटर एकमेकांशी बोलताना वायरवरून काय जातं ते नुसतं ऐकलं. यानं असं म्हटलं की तो तसं म्हणतो, हे टिपून ठेवलं आणि तसंच बोलून बघितलं. तो स्वतः याला फ्रेंच कॅफेची रीत म्हणतो. हॉटेलात बसायचं आणि कुणी काय मागितल्यावर त्याला काय मिळतं ते बघत बघत भाषा शिकायची. आपल्याकडे नव्या सुना सासरची भाषा अशीच शिकत आल्या आहेत. उमरग्याकडच्या कितीतरी घरांत कानडी अशीच आलेली आहे, शाळा नाही की पुस्तक नाही.

तर सांबाच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली, की किमान भाषा म्हणून जुनी आवृत्तीसुद्धा चालेल. एरवी मी हे कधीच केलं नसतं, तुम्हीही करू नका. पण थेट वायरचा हाच तर फायदा. लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. आता त्या दोघांखेरीज त्या गल्लीत तिसरं कुणी नव्हतं, बाहेरून यायला वाटच नव्हती. खोलीचं दार लावून घेतल्यावर जुन्या भाषेत बोलायला हरकत नसते. काम झाल्यावर ती ओळ काढून टाकायची, हे अण्णांनी कागदावर आधीच लिहून ठेवलं.

आणि फोल्डर उघडलं! एकेचाळीस नावं ओळीनं दिसली. काकूंनी कुंथलगिरीचा पेढा हातावर ठेवला.

पण डिस्क कटकटत होती, त्यामुळे सगळं एकदम ओढायचं नाही असं ठरवलं. आधी फक्त यादीच्या फायली, एकेक करून. नंतर फॉन्ट, बाकी सगळं शेवटी. सगळ्या फायली मिळून मोबाइलच्या एखाद्या फोटोएवढ्याच होत्या. पाच वर्षांच्या रात्री, फोटोएवढ्या. चाळीस आल्या. एक आली नाही. तिच्याशी आलं की डिस्क अडायची, आवाज करायची, आणि वाचता येत नाही म्हणून सांगायची. पाच वेळा प्रयत्न केला. मग अण्णाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिच्यापायी बाकीच्या नकोत अडकायला." त्या फायलीचं नाव होतं 'विहीरगल्ली'. आमची गल्ली.

चाळीस फायली तर लॅपटॉपवर आल्या. आता उघडल्या... आणि समोर नुसती भेळ! इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, भलतीसलती चिन्हं. मराठीचा एक शब्द नाही.

ब्लॉगवाल्यांना हे लगेच कळेल. आपण लोक बरहा आणि गमभन घेऊन युनिकोडमध्ये लिहायला लागलो तेव्हा डीटीपीवाले आणि टायपिंगवाले अजून जुन्या फॉन्टांवरच होते. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण छपाईच्या कामात ती यायला फार वर्षं गेली. जुन्या फॉन्टची युक्ती अशी, की कंप्युटरला वाटतं आपण इंग्रजी अक्षर साठवलंय, आणि फॉन्ट त्या जागी मराठी अक्षराचा तुकडा काढून दाखवतो. तुकडाच, अख्खं अक्षर नव्हे. अर्धा ग वेगळा, काना वेगळा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, कारण कागदावर ती आधी दिसते. टाइपरायटर शिकलेल्या अण्णांना यात काहीच वावगं नव्हतं. पण फॉन्ट नसला की त्या लिखाणाचा अर्थच नाहीसा होतो. म्हणून एक्सपीवरचा तो फॉन्टही आणला, तेव्हा पडद्यावर गाव उमटलं. मग फॉन्टची गरजच राहू नये म्हणून सगळं युनिकोडमध्ये बदलून घेतलं.

अण्णा म्हणाले, "आपल्या आज्याचे कागद असेच हैत." खरंच की. १९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सरकारी कागद उर्दूत, घरातल्या वह्या मोडीत. ट्रंकेत जमिनीचे जुने कागद आहेत, शाई ठळक आहे, एकही पान फाटलेलं नाही. आणि आपल्या घरातल्या एकालाही त्यातलं अक्षर वाचता येत नाही. कागद पोचला, भाषा पोचली नाही. मला वाटतं पोचणं आणि कळणं या दोन गोष्टी आपण उगाच एक धरतो. या दीड दिवसात मी जे शिकले ते एवढंच, की 'कनेक्शन' ही एक गोष्ट नाहीच. वायर, पत्ता, दार, भाषा, लिपी, असे थर असतात एकावर एक. खालचा थर ठीक नसेल तर वरचा चालत नाही, पण खालचा ठीक आहे म्हणून वरचा चालेलच असंही नाही. आणि कुठला थर गप्प आहे ते न बघता आपण सरळ म्हणून टाकतो, "हे काही बोलत नाही बुवा." कंप्युटरलाही आणि माणसालाही.

आणि लिपीच्याही वर एक थर निघाला.

युनिकोडमध्ये बदलताना काही अक्षरं चुकतातच. एके ठिकाणी आलं 'पोळ'. मूळ फायलीत मात्रा एक का दोन ते नीट ठरवता येईना. आता 'पोळ' आणि 'पौळ', दोन्ही आडनावं आपल्याकडे आहेत. कुठला प्रोग्रॅम हे सांगणार? अण्णांना विचारलं. क्षणभर थांबले, म्हणाले, "पौळ. त्यांच्या दाराला निळा रंग हुता." झालं. निळ्या रंगाचा आणि मात्रेचा काय संबंध? संबंध एवढाच, की दोन्ही त्यांच्या डोक्यात एकाच जागी ठेवलेले आहेत. अशी शंभरेक नावं निघाली. तीन संध्याकाळी आम्ही बसलो, मी वाचायची, ते दुरुस्त करायचे. कंप्युटरचं काम दीड दिवसात संपलं, हे काम अजून चालू आहे. दर रविवारी फोनवर.

विहीरगल्ली त्यांनी डोळे मिटून सांगितली. वेशीतून आत शिरल्यावर उजवा हात धरून. मी टाइप करत होते. "हितं आपलं घर. आपल्या माळवदावरनं टांग टाकली की मास्तरांचं. तितनं खाली उतरलं की तालीम." मला तेव्हा जाणवलं, त्या गावात घराघरांत थेट कनेक्शन होतं. मध्ये राउटर नव्हता. कुणाकडे जायला रस्त्यावर उतरावं लागायचं नाही. ज्यांनी नवं गाव आखलं त्यांनी प्रत्येक घराला रस्ता दिला, ती चांगलीच गोष्ट झाली. पण माळवदावरची वाट कुठल्याच नकाशावर नव्हती, त्यामुळे ती नव्या गावात आली नाही. अण्णांच्या यादीत ती आहे. 'डावीकडे कोण, उजवीकडे कोण' हे त्यांनी इतकं जपून का लिहिलं, ते मला वायर खोचून दीड दिवस काढल्यावर कळलं.

असो. आता ब्लॉगवाल्यांसाठी दोन शब्द. तुमच्याही माळ्यावर, वडिलांच्या टेबलाखाली असा एखादा डबा असेल. तो सुरू होतोय तोवर त्यातलं बाहेर काढा. आणि बाहेर काढलेलं उघडून बघा, नुसतं कॉपी करून ठेवू नका. उघडल्यावर जे कळणार नाही ते ज्यांनी लिहिलं त्यांना विचारा. हा शेवटचा थर कुठल्याच बॅकअपमध्ये येत नाही.

आणि नातेवाइकांनो, तुमचं काम. विहीरगल्लीत एकूण एकोणीस घरं. अण्णांनी सतरा सांगितली. विहिरीच्या डाव्या हाताची दोन त्यांना काही केल्या आठवेनात. एवढं आठवतं की त्यातल्या एका घरात शिवणयंत्र होतं आणि ते बाहेर ओट्यावर ठेवलेलं असायचं. सोलापूरच्या आत्या, पुण्याचे दोघे भाऊ, लातूरच्या वहिनींच्या आई, तुम्ही सगळे त्या विहिरीवर पाण्याला गेलेले आहात. शिवणयंत्र कुणाचं होतं? आणि त्याच्या पलीकडे कोण राहायचं? मला नाही, सरळ अण्णांनाच फोन करा. संध्याकाळी पाचनंतर ते घरीच असतात.